एकदा विसळलं की पुरतं

सुभाष पालकरने अख्खी नोकरी फेस मोजण्यात घालवली. भांडी घासायचं लिक्विड बनवणाऱ्या एका कंपनीच्या गुणवत्ता विभागात तो होता. उंच काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात लिक्विड सोडायचं, नळी हलवायची आणि फेस कुठपर्यंत चढला ते बघायचं. मग थोडा वेळ थांबून तो किती बसला ते बघायचं. फेसाने भांडी निघत नाहीत, हे त्या विभागात शिपायालाही माहीत होतं. "फेस गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी असतो, पालकर," असं त्याचे साहेब म्हणायचे. "खरकटं त्याच्याशिवायही निघतं. पण ते बायकांना सांगून बघा."

सुभाषने ते कधी कुणाला सांगितलं नाही. पगार फेसाचा होता.

मग कंपनीने कारखाना परराज्यात हलवला. यंत्रं नेली, नळ्या नेल्या, सुभाषला ठेवून गेली. निरोपाच्या कार्यक्रमात शाल, नारळ आणि कंपनीच्याच लिंबाच्या वासाच्या लिक्विडचं एक खोकं मिळालं. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली आणि खोकं संपेपर्यंत सुभाष पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दाढी वाढली. अंघोळ आठवली तर.

खोक्यातली शेवटची बाटली रिकामी झाली त्या दिवशी तो उठून बसला आणि म्हणाला, "त्या कंपनीचा एक थेंब आता या घरात येणार नाही."

"बरं. दुसऱ्या कंपनीचं आणते," अंबिका म्हणाली.

"सगळ्या एकाच माळेच्या. आपण घरी बनवायचं. भांड्यांचं, कपड्यांचं, सगळं. केवढी बचत आहे, कळतंय का तुला?"

अंबिकाला कळत होतं. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या त्या वन-बीएचकेचा हप्ता आणि पुण्याला शिकणाऱ्या रसिकाचं हॉस्टेल, दोन्ही आता तिच्या डब्यांवर चाललं होतं. पोळी-भाजीचे डबे तिने सुरू केले तेव्हा सुभाषने त्यांना 'हिचा टाइमपास' असं नाव दिलं होतं. आता टाइमपासवर घर चालत होतं आणि नाव बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्याच ओम दीपज्योत सोसायटीतली, उरलेली स्टेशनजवळच्या एका दवाखान्यातली. एक गिऱ्हाईक तुटलं की दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सगळ्यांना कळे.

पण बचतीपेक्षा तिला दुसरं दिसलं. नवरा उठून बसला होता. ती म्हणाली, "बनवा की."

सुरुवात कपड्यांपासून झाली. सुभाषने धुण्याचा सोडा आणला, साबणाची वडी किसणीवर किसली. खोबऱ्याची किसणी त्यात कायमची गेली. मीरा रोडला टँकरचं जड पाणी येतं आणि त्या पाण्यात साबणाचं काय होतं ते फेस मोजणाऱ्याला माहीत असायला हवं होतं. टॉवेल पापडासारखे कडक झाले. अंग पुसलं की सोलून निघाल्यासारखं वाटे.

"रक्ताभिसरण सुधारतं," सुभाष म्हणाला.

मग भांडी. जडीबुटीवाल्याकडून रिठे आले. सुभाष ते खलबत्त्यात कुटायला बसला आणि घरभर धूळ उडून दोघं तासभर शिंकत होते. रिठे भिजवायचे, उकळायचे, कुस्करायचे, गाळायचे, त्यात लिंबाच्या साली आणि मीठ. तपकिरी पाणी तयार झालं. रिठ्याचा फेस येतो, पण आला तसा बसतो. "फेस नाही, तेच चांगलं आहे," सुभाष म्हणाला. "फेस म्हणजे फसवणूक. मला विचार." त्याने दाढी केली होती. सकाळी सातला अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून तो मोरीत डबे घासायला बसायचा. भांड्याची बाई आधीच बंद केलेली होती. घरची चार भांडी अंबिकाच गरम पाण्याने उरकायची.

"दोन पाण्यांनी काढा हो," अंबिका म्हणाली.

"कशाला? केमिकल नाहीच, तर काढायचं काय? एकदा विसळलं की पुरतं. पाण्याची पण बचत."

त्याच आठवड्यात बी विंगमधला कौस्तुभ जिन्यात भेटला. तो मूळचा चिपळूणचा, बँकेत नोकरीला होता आणि भाड्याने एकटाच राहायचा. "ताई, आज काकडी कडू होती वाटतं."

काकडी कडू निघू शकते. अंबिका प्रत्येक काकडीचं टोक कापून, घासून, पांढरं पाणी काढून घ्यायची, तिची आई घ्यायची तसं. तरी निघते एखादी. दुसऱ्या दिवशी तिने टोकं जरा जास्तच घासली आणि दवाखान्यातून निरोप आला, कोशिंबीर कडू. तिने काकडी बंद केली, दुधी केला. दुधी कडू. दुधीही कडू निघू शकतो. घोसाळी केली. घोसाळी तर निघतातच.

ती खालच्या रामू भाजीवाल्याकडे गेली. "रामू, क्या माल देता है? सब कडवा."

रामूने एका काकडीचे दोन तुकडे केले, एक स्वतः खाल्ला, एक तिला दिला. गोड होती. "मॅडम, पूरा मीरा रोड मीठा खा रहा है. आपके ही घर जाके कडवा होता है."

हे कुठल्याही बाईला झोंबेल. अंबिकाने चार लोकांसमोर त्याला ऐकवलं, भाजीवाला बदलला आणि पुढे रामूच्या गाडीवरून जायला नको म्हणून रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागली.

मग तिने कारली केली. त्या दिवशी एकही तक्रार आली नाही. कौस्तुभने तर मेसेज पाठवला: कारली मस्त, आईच्या हातची आठवण आली. अंबिकाने मनात म्हटलं, सुटले.

गुरुवारी तिने डब्यात शिरा दिला. शिऱ्यात कडू निघण्यासारखं काही नसतं. रवा कडू निघत नाही, साखर कडू निघत नाही. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या नीलमबेन डबा परत द्यायला स्वतः आल्या. बोलणं गोड, पण डबा लांब धरलेला.

"अंबिकाबेन, शीरे में मेथी डाला क्या?"

"नाही हो."

"तो कुछ तो डाला है. मेरे हजबंड ने थूक दिया." आणि जाता जाता, तितक्याच गोडीने, "अगले महिने से आप हमारा टिफिन रहने दो, हां? हम लोग वैसे भी कम खाते हैं."

दार लावून अंबिका स्वयंपाकघरात आली. ओट्यावर घासलेले डबे पालथे घातलेले होते, चकाचक. तिने एक झाकण उचललं आणि कडेच्या खाचेवरून जीभ फिरवली.

मग बराच वेळ चुळा भरल्या.

सुभाष बाहेर टीव्हीसमोर लिंबाच्या साली चिरत होता. ती झाकण घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "अहो, हे जरा चाटून बघा."

"काय?"

"झाकण. तुमच्या रिठ्याने डबे कडू होतायत. काकडी नाही, दुधी नाही, रिठा."

सुभाषने झाकण घेतलं, उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं, परत दिलं. "डाग नाही, तेलकटपणा नाही."

"चाटा म्हणते मी."

"अगं, गुणवत्ता विभागात आयुष्य गेलं माझं. जीभ हे उपकरण नाही. आज एकाला कडू लागेल, उद्या दुसऱ्याला खारट. त्यावर निष्कर्ष काढायचे नसतात." आणि मग साली चिरता चिरता, तिच्याकडे न बघता, "तुला नको असेल तर सांग. बंद करतो. पडून राहतो परत."

हे तो धमकी म्हणून बोलला नव्हता. तेच वाईट होतं. अंबिकाला भिंतीकडे तोंड केलेली ती पाठ आठवली. तिने झाकण जागेवर नेऊन ठेवलं.

त्या दिवसापासून ती डबे दोनदा घासायला लागली. एकदा सुभाष घासायचा, रिठ्याने, आणि विजयी मुद्रेने पालथे घालून पेपर वाचायला जायचा. मग ती सिलिंडरच्या मागे लपवलेली बाजारातली वडी काढायची, सगळे डबे पुन्हा घासायची, तीन पाण्यांनी विसळायची, पुसायची आणि होते तसेच पालथे घालायची. आधी कधी लागली नव्हती इतकी वडी लागायला लागली. बचत जोरात चालू होती.

तक्रारी थांबल्या. दवाखान्याने दोन डबे वाढवले. नीलमबेनचं मात्र तुटलं ते तुटलं.

"बघ," सुभाष म्हणाला, "भाजीवाला बदललास आणि प्रश्न मिटला. उगाच रिठ्याच्या नावाने शंख."

जानेवारी आला. दर वर्षी अंबिका संक्रांतीचं हळदीकुंकू करायची आणि सोसायटीतल्या बायकांना वाण म्हणून काहीबाही द्यायची. कधी प्लास्टिकची चाळणी, कधी चमचे. कुणाच्याच घरात ते कधी वापरलेलं दिसायचं नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या वाणातून परत यायचं.

"या वर्षी वाण मी देणार," सुभाष म्हणाला. "माझं लिक्विड. प्रत्येकीला एक बाटली. खर्च काही नाही आणि जाहिरात होते ती वेगळी."

"कसली जाहिरात?"

त्याने लाजत एक कागद पुढे केला. लेबल होतं. रसिकाने पुण्याहून कॉम्प्युटरवर करून पाठवलेलं. मध्ये कमळ, वर ठळक अक्षरांत 'अंबिका', खाली 'शुद्ध रिठा भांडीजल, केमिकल शून्य'.

"तुझं नाव ठेवलंय," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत या माणसाने तिचं नाव कशाला दिलं नव्हतं. फ्लॅटच्या दारावरही 'एस. डी. पालकर' होतं. अंबिका त्या कमळाकडे बघत राहिली आणि तिला पुढचं सगळं दिसलं. चाळीसेक घरांत बाटल्या जातील. चाळीसेक घरांतल्या पेल्यांना, वाट्यांना, चमच्यांना ती चव लागेल. कुणी काकडीवर ढकलणार नाही, कारण चहाला काकडी लागत नाही. मग कौस्तुभला आठवेल, नीलमबेनना आठवेल. पालकरांच्या डब्यात काय होतं ते सगळ्यांना कळेल, वर बाटलीवर नाव तिचंच. डबे एका आठवड्यात बंद पडतील.

"चमचे देऊ या ना," ती म्हणाली. "शुभ असतात."

"मी भंगारवाल्याला बाटल्या सांगून आलोय," सुभाष म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने साखरपुड्यात पाहिलं होतं. त्यानंतर नाही.

हळदीकुंकवाच्या आदल्या दुपारी बाटल्या भरून, लेबलं लावून, दिवाणाखाली रांगेत उभ्या होत्या. सुभाष तिळगूळ आणायला बाहेर पडला, तशी अंबिका दुसऱ्या दिशेला गेली. बेव्हर्ली पार्कमध्ये कुणी बघेल म्हणून रिक्षा करून थेट भाईंदरला, जेसल पार्कात.

"पाँच लिटर में लिक्विड है? बर्तन का?"

दुकानदाराने एक कॅन काउंटरवर आपटला. पिवळा, वर लिंबाचं चित्र. सुभाषची जुनी कंपनी.

"दूसरा कोई?"

"पाँच लिटर में ये ही आता है, बेन. अच्छा है. झाग देखो इसका."

तिने कॅन बघितला, घड्याळ बघितलं आणि घेतला. घरी येऊन बाटल्या एकेक करून मोरीत ओतल्या. रिठ्याचं तपकिरी पाणी जाळीतून गेलं. मग कॅनमधलं लिक्विड, निम्म्याला निम्मं पाणी. रंग पिवळा दिसायला लागला तेव्हा तिने चहा पावडर उकळली आणि कोरा चहा गाळून प्रत्येक बाटलीत थोडा थोडा सोडला. रंग जमला. वास लिंबाचाच होता. उरलेला कॅन पिठाच्या रिकाम्या पिंपात उतरवून वर गोणपाट टाकलं. सुभाष आला तेव्हा ती ओट्याशी कडवे वाल निवडत होती.

"दमलीस?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. तिळगूळ घेतला, गोड बोलल्या, वाणाच्या बाटल्या नाकाशी नेल्या. सुभाष दाराच्या आड उभा राहून ऐकत होता आणि अधूनमधून पुढे येऊन माहिती देत होता. "वहिनी, फेसाची अपेक्षा ठेवू नका. फेस म्हणजे केमिकल. हे नॅचरल आहे, याला फेस येत नाही." बायकांनी माना डोलावल्या आणि बाटल्या पिशवीत टाकल्या.

दोन दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला. मग रांग लागली. भांडी कशी लख्ख. हात मऊ. आणि प्रत्येकीचं एकच: काय फेस येतो. कुणी तरी सिंकचा फोटो टाकला, त्यात फेसाखाली कढई दिसत नव्हती. नीलमबेननी तीन टाळ्या टाकल्या.

सुभाषने फोटो बघितला. बोटांनी मोठा करून बघितला.

त्याच संध्याकाळी चौथ्या मजल्यावरची सुचेता आली. कमिटीवर असलेली, भिशी चालवणारी, एकदा सोफ्यावर बसली की चहा घेतल्याशिवाय न उठणारी.

"काय हो पालकरभाऊ, फेस येणार नाही म्हणालात. खोटं का बोललात?"

"म्हणजे?"

"अहो, केवढा तो फेस. आमच्या सासूबाई घाबरल्या." तिने पिशवीतून आपली अर्धी बाटली काढली. "हे बघा."

सुभाषने बाटली घेतली. अंबिका चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली. सुभाष उठला, पाण्याचा उंच पेला घेतला, त्यात दोन थेंब सोडले, वर तळहाताने झाकून पेला हलवला. नोकरीत हलवायचा तसाच. फेस चढला. पेल्याच्या काठापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. सुभाष त्याच्याकडे बघत राहिला. फेस बसला नाही. मग त्याने बाटली नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

अंबिकाने ट्रे टीपॉयवर ठेवला.

सुभाषने डोळे उघडले, बूच लावलं, बाटली सुचेताला परत दिली. "किती हव्यात?" त्याने विचारलं.

"आमच्या भिशीला सगळ्यांना. आणि माझ्या नणंदेच्या सोसायटीत पण विचारतायत. जमेल ना तुम्हाला?"

"जमेल की," सुभाष म्हणाला. "पारंपरिक पद्धत आहे. रिठे जरा जुने मुरवले की फेस धरतात."

"तरीच," सुचेता म्हणाली आणि दुसऱ्या कपासाठी बसली.

ती गेल्यावर सुभाषने दार लावलं. अंबिका म्हणाली, "अहो, मी..."

"कॅन कुठाय?"

"पिठाच्या पिंपात."

तो आत गेला, गोणपाट काढलं, कॅन बाहेर घेतला. लिंबाच्या चित्रावरून अंगठा फिरवला. त्याच्या तोंडून एक शब्द निघेल म्हणून ती थांबली. शिवी निघाली असती तरी तिला चाललं असतं. रडला असता तरी चाललं असतं.

"पाणी फार घातलंयस," तो म्हणाला. "निम्म्याला निम्मं?"

"हो."

"मीठ घालायचं. थोडंसंच. मिठाने दाट होतं, मग पाणी आणखी खपतं. कंपनीतही तेच करायचे." त्याने कॅन हलवून किती उरलंय त्याचा अंदाज घेतला. "रंगाला काय, चहा?"

"कोरा."

"बरा सुचला तुला." हे कौतुक होतं. "उद्या असे चार कॅन आणू. दोघं गेलो तर दोन-दोन धरता येतील."

"त्या कंपनीचा एक थेंब घरात येणार नव्हता."

"बाटलीवर कंपनीचं नाव कुठाय?" सुभाष म्हणाला. "तुझं आहे."

अंबिकाने गोणपाट घडी करून ठेवलं. "आणि बचत?"

"धंद्यात आधी घालावे लागतात. आता ऐक. डबे बंद कर."

"काय?"

"या महिनाअखेर. सांगून टाक सगळ्यांना. अगं, एवढ्याशा स्वयंपाकघरात दोन उद्योग कसे चालणार? फोडणीचा, कांदा-लसणीचा वास बाटल्यांना लागतो. नाक आहे मला. आज सुचेताच्या बाटलीला जिऱ्याचा वास येत होता. लोक नॅचरल म्हणून घेतात, त्यांना असलं चालत नाही. तू बुचं लावायला बस माझ्याबरोबर. टाइमपास झाला तेवढा पुरे."

हे तो प्रेमाने म्हणाला. गेल्या चार महिन्यांत त्याचा आवाज इतका मोकळा कधी झाला नव्हता. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असताना तिने याच आवाजासाठी नवस बोलायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मोबाइल वाजला. कौस्तुभ: ताई, उद्या काय आहे डब्यात?

उद्या कडव्या वालांची उसळ होती. मोड आलेले, सोललेले वाल मोठ्या पातेल्यात पाण्यात पडले होते. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं ते एकच.

"हे लागेल मला," सुभाष म्हणाला. त्याने वाल चाळणीत ओतले, चाळणी तिच्या हातात दिली आणि पातेलं घेऊन नळाखाली गेला. कॅनमधले दोन थेंब टाकून त्याने ते घासलं. फेस कोपरापर्यंत आला. त्याने विसळलं. वास घेतला. परत विसळलं. परत वास घेतला आणि नळ पुन्हा सोडला.

चाळणीतून तिच्या पायांवर पाणी गळत होतं.

"एकदा विसळलं की पुरतं ना?" अंबिका म्हणाली.

"जेवणाच्या भांड्याला पुरतं," सुभाष म्हणाला आणि पातेलं तिसऱ्यांदा नळाखाली धरलं. "यात माल भरायचाय."